दोन कागद : निकालपत्रक आणि खर्चाचा हिशेब

१/
लोकसभेची निवडणूक झाली की प्रत्येक मतदारसंघामागे दोन प्रकारचे कागद उरतात. एक निकालपत्रक. कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली, याची त्यात नोंद असते. दुसरा उमेदवाराच्या निवडणूक खर्चाचा हिशेब. निकाल लागल्यापासून ३० दिवसांच्या आत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावा लागतो. दोन्ही कागद सरकारदप्तरी जपले जातात आणि दोन्ही नागरिकाला पाहता येतात.

२/
पहिल्या कागदावर तक्रारी होतात, वाद होतात. पण अखेर देशाचा कारभार त्याच्याच आधारे चालतो. दुसऱ्या कागदावर कोणी फारसा वादही घालत नाही, कारण त्यावर कोणाचा विश्वासच नसतो. "खर्चाचे आकडे खोटेच असणार" हे वाक्य चहाच्या टपरीपासून संसदेपर्यंत सहज उच्चारले जाते. पण हा अविश्वास आभाळातून पडलेला नाही. तो कसा घडत गेला, याला तारखा आहेत, खटले आहेत आणि कायद्यातील एक वाक्य आहे. हा धागा त्या वाक्याविषयी.

३/
खर्चाला मर्यादा घालण्याची कल्पना भारतात इंग्लंडमधून आली. तेथे १८८० च्या निवडणुकीत पैशाचा जो पूर वाहिला, त्याने सगळेच पक्ष धास्तावले आणि १८८३ मध्ये भ्रष्ट व बेकायदा प्रथांना आळा घालणारा कायदा झाला. मतदारांच्या संख्येनुसार उमेदवाराचा कमाल खर्च ठरवून देण्यात आला आणि सारा पैसा एका निवडणूक प्रतिनिधीच्या हातून जावा, असे बंधन आले. उद्देश सरळ होता : पैसा एकाच दरवाजाने आत यावा, म्हणजे तो मोजता येईल.

४/
माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर भारतात निवडणुका होणार, म्हणून १९२० मध्ये भारतीय दंड संहितेत निवडणूक अपराधांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम १७१-एच असे सांगे की, उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात वा पत्रके यांवर दुसऱ्या कोणी खर्च केला, तर तो अपराध ठरेल. शिक्षा? ५०० रुपयांपर्यंत दंड. हा आकडा शतकभर तसाच राहिला. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत, कलम १७६ मध्ये, तो १०,००० रुपये झाला.

५/
स्वतंत्र भारताचा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. ते विधेयक संसदेत पुढे नेण्याचे काम कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या एकसदस्यीय मतदारसंघासाठी खर्चाची मर्यादा साधारणपणे २५,००० रुपये होती. मर्यादा ओलांडणे हे 'भ्रष्ट आचरण' मानले गेले. ते सिद्ध झाले तर निवड रद्द होई. म्हणजे दुसऱ्या कागदात पहिल्याला खोडून टाकण्याची ताकद होती. ही गोष्ट पुढच्या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली आहे.

६/
मोजला जाणारा खर्च म्हणजे 'उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेला अथवा मान्यता दिलेला' खर्च. या शब्दांची पहिली मोठी परीक्षा झाली ती अमेठीच्या एका खटल्यात. १९५२ च्या उत्तर प्रदेश विधानसभा निवडणुकीत रणंजय सिंह विजयी झाले. त्यांच्या प्रचारात अमेठी संस्थानाचे नोकर राबले होते. संस्थानाचे मालक होते उमेदवाराचे वडील, आणि नोकरांचे पगार वडिलांच्या तिजोरीतून जात होते. हा खर्च मुलाच्या हिशेबात धरायचा की नाही?

७/
सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये उत्तर दिले : नाही. नोकर वडिलांचे, पगार वडिलांचा. मुलाने तो खर्च केला असे म्हणता येत नाही. यामुळे धनवंताला अधिक संधी मिळते, ही तक्रार न्यायालयासमोर मांडली गेली होती. त्यावर न्यायालयाचे म्हणणे असे की, कायद्याचा तथाकथित आत्मा त्याच्या स्पष्ट शब्दांवर मात करू शकत नाही. तर्क निर्दोष होता. परिणाम मात्र असा झाला की उमेदवाराचा खिसा मोजायचा, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याचा नाही, अशी समजूत रूढ होत गेली.

८/
त्याच दशकात दुसऱ्या बाजूने एक इशारा मुंबईतून आला. राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या स्थापनापत्रात बदल हवा होता. एका भागधारकाने त्यास विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या मुंबई उच्च न्यायालयाने १९५७ मध्ये बदलास परवानगी दिली, कारण कायद्यात मनाई नव्हती. परंतु ती देताना, मोठ्या कंपन्यांचा पैसा लोकशाहीचा गळा आवळू शकतो याकडे संसदेचे लक्ष वेधले. कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली १९६९ मध्ये. ती १९८५ मध्ये उठवण्यात आली.

९/
आता १९७१ ची दिल्ली. सदर बाजाराच्या परिसरामुळे 'दिल्ली सदर' हे नाव मिळालेला मतदारसंघ. १९६७ मध्ये तेथून जनसंघाचे कंवरलाल गुप्ता निवडून आले होते. १९७१ मध्ये काँग्रेसच्या अमरनाथ चावला यांनी त्यांना हरवले. इंदिरा गांधींची लाट देशभर होती. या निकालाचे कोणालाच नवल वाटले नाही. दिल्लीत लोकसभेच्या उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा तेव्हा केवळ १०,००० रुपये होती. गुप्तांनी निवडणूक याचिका दाखल केली. त्यांचा मुख्य मुद्दा होता : चावला यांचा खरा खर्च या मर्यादेबाहेर गेला आहे.

१०/
उच्च न्यायालयात गुप्ता हरले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे वाद येऊन थांबला तो सभांवर. मतदारसंघात काँग्रेसने चावलांसाठी सभा घेतल्या होत्या. त्यांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात नव्हता. बचाव जुनाच होता : सभा पक्षाने घेतल्या, पैसे पक्षाने दिले, उमेदवाराशी त्याचा संबंध काय? अमेठीत वडील होते, दिल्लीत पक्ष होता, एवढाच फरक.

११/
३ ऑक्टोबर १९७४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. पक्षाचा सर्वसाधारण प्रचार वेगळा आणि विशिष्ट उमेदवाराला निवडून आणण्यासाठी त्याच्या मतदारसंघात केलेला खर्च वेगळा, अशी रेषा त्यांनी आखली. दुसऱ्या प्रकारच्या खर्चाचा लाभ उमेदवार जाणूनबुजून घेत असेल आणि तो नाकारत नसेल, तर त्याने त्या खर्चाला मान्यता दिली असेच समजले पाहिजे. अशा सभांचा खर्च जमेस धरताच मर्यादा ओलांडली गेली. चावला यांची निवड रद्द झाली.

१२/
निकालपत्राचा गाभा मात्र आकडेमोडीत नव्हता. मर्यादा कशासाठी असते, या प्रश्नात होता. भगवतींनी दोन कारणे सांगितली. एक, कोणताही माणूस आणि कितीही लहान पक्ष यांना बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी बरोबरीने लढता यावे. दोन, निवडणुकीतून मोठ्या पैशाचा प्रभाव हद्दपार व्हावा. सामान्य माणसाला मिळणारी संधी हेच भारतीय लोकशाहीचे सत्त्व, अशी त्यांची भूमिका होती. खर्चाचा कागद ज्यांच्यासाठी निर्माण झाला, त्यांचे नाव येथे न्यायालयाने स्पष्ट घेतले.

१३/
हा निकाल सोळा दिवस टिकला. १९ ऑक्टोबर १९७४ रोजी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. कलम ७७ ला 'स्पष्टीकरण १' जोडण्यात आले. आशय असा : कोणत्याही न्यायालयाने काहीही म्हटले असले तरी, राजकीय पक्षाने, अन्य संस्थेने किंवा उमेदवार व त्याचा प्रतिनिधी सोडून इतर कोणत्याही व्यक्तीने केलेला खर्च हा उमेदवाराचा खर्च समजला जाणार नाही. ज्या वाक्याने दुसरा कागद पोकळ केला, ते हे वाक्य.

१४/
सरकारची बाजूही नोंदवली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. १९५४ पासूनच्या निकालांवर विसंबून उमेदवारांनी निवडणुका लढवल्या होत्या. खेळ संपल्यावर नियम बदलला, तर जुन्या नियमाने खेळलेल्यांवर अन्याय होईल, आणि अनेक याचिका प्रलंबित होत्या. या युक्तिवादात तथ्य होते. पण केवळ १९७१ च्या उमेदवारांना संरक्षण द्यायचे असते, तर ते तेवढ्यापुरते देता आले असते. प्रत्यक्षात हे स्पष्टीकरण भविष्यातील प्रत्येक निवडणुकीला लागू झाले.

१५/
सर्वोच्च न्यायालयाने आधीच निकाली काढलेल्या प्रकरणांना नव्या तरतुदीतून वगळण्यात आले. त्यामुळे चावलांचे गेलेले सदस्यत्व परत आले नाही. एका उमेदवाराची जागा गेली ती गेलीच. ज्या तत्त्वामुळे ती गेली, ते तत्त्वही लगोलग गेले. गुप्तांनी खटला जिंकला. पण त्यांच्यानंतर त्याच कारणासाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्याला त्या विजयाचा उपयोग उरला नाही.

१६/
प्रलंबित याचिकांत एक याचिका रायबरेलीची होती. १९७१ मध्ये तेथे इंदिरा गांधींना १,८३,३०९ आणि राजनारायण यांना ७१,४९९ मते पडली होती. फरक १,११,८१० मतांचा. मर्यादा ३५,००० रुपयांची होती आणि ती ओलांडल्याचा आरोप याचिकेत होता. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली. तिची कारणे होती सरकारी सेवेतील व्यक्तीची आणि सरकारी अधिकाऱ्यांची प्रचारात घेतलेली मदत. खर्चाच्या मुद्द्यावर निर्णय त्यांच्याच बाजूने गेला. आणीबाणीच्या कथेत हा तपशील सहसा हरवतो.

१७/
नेमक्या याच काळात जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने निवडणूक सुधारणांसाठी एक समिती काम करत होती. तिचे अध्यक्ष होते सासवडला जन्मलेले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश वि. म. तारकुंडे. पक्षांनी आपले हिशेब नीट ठेवावेत आणि त्यांची तपासणी व्हावी, असा या समितीचा आग्रह होता. अहवाल १९७५ च्या प्रारंभी आला. काही महिन्यांत देशात आणीबाणी लागू झाली आणि अहवाल कपाटात गेला.

१८/
स्पष्टीकरण १ घटनाबाह्य आहे, असा दावा पुढे पुन्हा झाला. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने तो फेटाळला. मात्र या तरतुदीमुळे मुक्त व न्याय्य निवडणुकीचे तत्त्व पातळ होते, ही याचिकाकर्त्याची टीका अनाठायी नाही, असेही त्याच निकालात नमूद केले. तरतूद वैध, टीकाही रास्त. दुरुस्ती करायची ती संसदेने. आणि संसदेत बसलेला प्रत्येक सदस्य याच तरतुदीखाली हिशेब देऊन तेथे पोहोचलेला.

१९/
महाराष्ट्रातील एका गाजलेल्या खटल्यातही या प्रश्नाने डोके वर काढले. १९९१ ची अहमदनगर लोकसभा निवडणूक : यशवंतराव गडाख विरुद्ध बाळासाहेब विखे पाटील. गडाखांची निवड रद्द झाली ती प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी केलेल्या विधानांवरून. ती विधाने पैसेवाटपासंबंधी होती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्याच ओघात न्यायालयाने म्हटले की, खर्चाविषयीचा प्रचलित कायदा वास्तवाला पुरा पडत नाही. उमेदवाराव्यतिरिक्त इतरांचा खर्च कायद्याच्या जाळ्याबाहेर सुरक्षित आहे.

२०/
१९९६ मध्ये 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने वेगळी वाट काढली. अनेक पक्षांनी आयकर विवरणपत्रेच भरलेली नव्हती. न्यायालयाने सांगितले : जो पक्ष आपले तपासलेले हिशेब दाखवत नाही, त्याच्या खर्चाला स्पष्टीकरण १ चे छत्र मिळणार नाही. अखेर ११ सप्टेंबर २००३ पासून ते स्पष्टीकरण बदलले. सूट उरली ती प्रामुख्याने पक्षाच्या नामांकित नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती. हेच आजचे 'स्टार प्रचारक' : मान्यताप्राप्त पक्षाला ४०, इतर नोंदणीकृत पक्षांना २०.

२१/
१९७४ ते २००३ ही जवळपास एकोणतीस वर्षे झाली. या काळात लोकसभेच्या आठ सार्वत्रिक निवडणुका झाल्या : १९७७, १९८०, १९८४, १९८९, १९९१, १९९६, १९९८, १९९९. राजकीय कार्यकर्त्यांची एक संपूर्ण पिढी याच काळात घडली. खर्च दाखवायचा तो वेगळा आणि करायचा तो वेगळा, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. कायद्यानेच त्याला जागा करून दिली होती. २००३ मध्ये वाक्य बदलले, पण सवय मुरली होती. सवयींना वटहुकूम लागू होत नाही.

२२/
आजची व्यवस्था पाहता भगवतींची रेषा निम्मी परत आलेली दिसते. स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार मंचावर बसला किंवा त्याचा फोटो झळकला, तर सभेचा खर्च त्याच्या खाती पडतो. खर्च निरीक्षक असतात, चित्रीकरण करणारी पथके असतात, खुर्च्यांपासून चहा-नाश्त्यापर्यंतचे दरपत्रक असते. उमेदवाराच्या हिशेबाशी ताडून पाहण्यासाठी प्रशासन स्वतःची समांतर नोंदवहीही ठेवते. २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेची मर्यादा ९५ लाख रुपये आहे. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मात्र अद्याप कोणतीही मर्यादा नाही.

२३/
तरीही कागद आणि वास्तव यांतील अंतर अधूनमधून उघड्यावर येते. जून २०१३ मध्ये मुंबईतील एका जाहीर कार्यक्रमात, निवडणुका किती महागल्या हे सांगण्याच्या ओघात, बीडचे खासदार गोपीनाथ मुंडे यांनी २००९ मध्ये आपल्याला ८ कोटी रुपये खर्च आल्याचे म्हटले. तेव्हाची मर्यादा २५ लाख होती. निवडणूक आयोगाने नोटीस बजावली; सदस्यत्व कायम राहिले. पुढच्याच, २०१४ च्या निवडणुकीत विजयी उमेदवारांचा घोषित खर्च सरासरी ४० लाखांच्या आसपास, म्हणजे ७० लाखांच्या मर्यादेच्या ५८ टक्के होता, असे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या पाहणीत आढळले. या आकड्यांवर विश्वास ठेवायचा, तर मर्यादा गरजेपेक्षा जास्तच म्हणावी लागेल.

२४/
पैसा खर्च होतो तो टप्पा एक, पैसा येतो तो टप्पा दुसरा. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निवडणूक रोखे योजना एकमताने रद्द केली. पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. १९८५ मध्ये ज्यांनी स्पष्टीकरण १ वैध ठरवले, त्यांचे ते चिरंजीव. वडिलांसमोर प्रश्न होता पक्षाचा पैसा मोजायचा की नाही. मुलासमोर प्रश्न होता तो कोणाकडून आला हे मतदाराला कळायला हवे की नाही. छागलांच्या इशाऱ्याला तेव्हा सहासष्ट वर्षे झाली होती.

२५/
कंवरलाल गुप्ता १९७७ मध्ये दिल्ली सदरमधून पुन्हा निवडून आले. जनता पक्षाच्या लाटेत, मतांच्या बळावर. म्हणजे न्याय त्यांना पहिल्या कागदाने दिला. दुसऱ्या कागदावर त्यांनी मिळवलेला विजय सोळा दिवसांत निष्प्रभ झाला होता.

२६/
या इतिहासातील सर्वांत बोलकी नोंद मात्र कोणत्याही गाजलेल्या निकालात नाही. ती निवडणूक आयोगाच्या अपात्रतेच्या याद्यांत आहे. कायद्यानुसार वेळेत व विहित पद्धतीने हिशेब न देणाऱ्याला तीन वर्षे निवडणूक लढवता येत नाही. या याद्यांतील नावे बहुतांशी अपक्षांची आणि लहान पक्षांच्या उमेदवारांची असतात. त्यांच्याकडे सनदी लेखापाल नसतो, पावत्या जपणारा कार्यालयीन कर्मचारी नसतो. निकालानंतर माणूस आपल्या पोटापाण्याच्या उद्योगाला लागतो आणि तीस दिवस उलटून जातात. मोठ्या उमेदवाराचा हिशेब खरा असो वा नसो, तो वेळेवर आणि नीटनेटका दाखल होतो.

२७/
सामान्य माणसाला बरोबरीने लढता यावे म्हणून जो कागद निर्माण झाला, त्याच्या कचाट्यात आज मुख्यतः सामान्य माणूसच सापडतो. पुढच्या निकालानंतर एखाद्या नागरिकाने निकालपत्रकाबरोबर आपल्या मतदारसंघातील खर्चाचे हिशेबही मागवून पाहावेत : विजयी उमेदवाराचा आणि अनामत गमावलेल्या अपक्षाचाही. त्या दोन हिशेबांत दिसणारा फरक आणि गल्लीतून निघालेल्या मिरवणुकांत दिसलेला फरक एकमेकांशी जुळतो का, एवढे त्याला कोणत्याही न्यायालयाशिवाय ठरवता येईल.